पीव्हीसी खुशाल आणा, पण लेझरजवळ नेऊ नका

आमच्या सामायिक वर्कशॉपची चावी माझ्याकडे असते. गणपती जवळ आले की सनबोर्ड (सजावटीचे हलके, फोमचे बोर्ड) काखोटीला मारून लोक येऊ लागतात. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून तर जास्तच. सगळ्यांना मखराची नक्षी लेझरवर कापून हवी असते आणि मी नाही म्हटलं की तोंडं पडतात. पण बाजारात सनबोर्ड म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा पीव्हीसीचा फोम असतो आणि पीव्हीसीच्या वजनात सुमारे 57 टक्के क्लोरीन असतं. पीव्हीसी लेझरखाली जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि ओलावा मिळाला की त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. डोळे-घसा चुरचुरतो तो खोलीतल्या सगळ्यांचा. शिवाय मशीनचे रेल गंजतात, लेन्स आणि आरसे खराब होतात. एक्झॉस्ट चालू असला तरी वायू आधी मशीनच्या पोटातूनच जातो. आणि धुळीचा मास्क वायू अडवत नाही, तेव्हा तो लावून हुज्जत घालू नका.

रेक्झिन, व्हिनाइलचे स्टिकर, फ्लेक्स यांनाही हाच नियम.

"ताई, हे पीव्हीसी नाहीच" असं कुणी म्हणालं की आम्ही तांब्याच्या तारेची परीक्षा घेतो. तारेचं एक टोक पकडीत धरायचं, दुसरं बाहेर मोकळ्यावर बर्नरच्या ज्योतीत लाल करायचं आणि ज्योतीत रंग दिसेनासा होईपर्यंत तापवायचं. मग गरम टोक प्लास्टिकला टेकवून पुन्हा ज्योतीत. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, विषय संपला. नखाएवढा तुकडा पुरतो. धूर तोंडावर येईल असं उभं राहू नका. पाण्यात बुडतं का ते बघून उपयोग नाही, ॲक्रिलिकही बुडतं.

मग सनबोर्ड कापायचा कसा? पातळ असेल तर पोलादी पट्टी धरून कटरने, दोन-तीन हलक्या फेऱ्यांत. जाड असेल तर जिगसॉ. पाइपाला बारीक दातांचं हॅकसॉ. ग्राइंडर नको, चकतीशी प्लास्टिक वितळतं आणि वास सुटतो. कड कानशीने साफ करा, पण आधी किंचित ओली करा म्हणजे धूळ उडत नाही. जुना, उपटून आणलेला पाइप असेल तर त्याला घासूच नका: जुन्या पाइपांत शिशाचं स्टॅबिलायझर (प्लास्टिक उष्णतेने बिघडू नये म्हणून घातलेलं रसायन) असू शकतं, त्याबद्दलचे आपल्याकडचे नियम 2021 मध्ये आले.

वाकवायचं असेल तर पीव्हीसी साधारण 80 अंशांना मऊ पडतं. म्हणून पातळ पट्टीला उकळतं पाणी पुरतं आणि पाणी 100 च्या वर जात नाही, हा त्याचा मोठा गुण. हीट गन वापरायचीच तर अंगणात, लांबून, सतत हलवत. रंग पिवळट-तपकिरी होऊ लागला की थांबा, तिथून पुढे वायूच.

पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा उघडताना खिडक्या उघड्या आणि वेल्डिंग बंद. त्यातले द्रावक लगेच पेट घेतात. डबा वापरून झाला की झाकण तत्क्षणी. लोक "अजून एक जोड आहे" म्हणून उघडाच ठेवतात आणि शेवटी सगळ्यांचं डोकं दुखतं.

एक गोष्ट मात्र मी चेष्टेतही खपवून घेत नाही. कम्प्रेसरची हवा पीव्हीसीच्या पाइपातून नेणं. स्वस्त पडतो, जोडायला सोपा, दाबाचा आकडाही पाइपावर छापलेला असतो; पण तो पाण्याचा. हवा दाबली की तिच्यात खूप ऊर्जा साठते आणि पाइप फुटला तर धारदार तुकडे गोळीसारखे सुटतात. पाण्याचा पाइप फुटला तर फक्त आपण भिजतो.

उरलेले तुकडे दारामागच्या निळ्या पोत्यात टाका, भंगारवाला वेगळे नेतो. थंडीत शेकोटीत एकही तुकडा गेलेला मला दिसता कामा नये.