स्वाहिली अन् जावानीज समोरासमोर ठेवून कशा पाहाच्या

दोन अनोळखी भाषा हातात आल्या का पोट्टे पयले काय करतात, तर शंभर शब्दाची यादी बनवतात. सुरुवात तिथून नका करू. आपल्या ह्या दोघी, स्वाहिली पूर्व आफ्रिकेतली अन् जावानीज इंडोनेशियातल्या जावा बेटावरची. आपले खबर, वखत अन् दुनिया घ्या. स्वाहिलीत हाबारी, वाकाती, दुनिया अन् जावानीजमध्ये काबार, वक्तू, दोन्यो. यादी पाहून कोनालेही वाटीन का ह्या सख्ख्या बहिणी हायेत. पण हे मूळचे अरबी शब्द, हिंदी महासागरातला व्यापार अन् इस्लाम याच्यासंगं किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरले, काही आपल्याकडं फारसीतून आले. म्हणून उधारीचा माल पयले बाजूला काढा.

मग नातं तपासाचं कसं? बारके आकडे पाहा. जावानीजमध्ये तीन म्हणजे तलू, सात पितू, आठ वोलू. आता आफ्रिकेच्या जवळच्या मादागास्कर बेटावरची मालागासी भाषा पाहा, तिथं तेलू, फितू, वालू. म्हणजे स्वाहिलीच्या दारातली भाषा निघाली जावानीजची नातेवाईक, दोघी ऑस्ट्रोनेशियन कुटुंबातल्या! स्वाहिलीत तीन म्हणजे तातू, ते जुळते दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूच्या थाथूशी, कारण ह्या दोघी आफ्रिकेतल्या बांटू कुटुंबातल्या. (स्वाहिलीतले सहा, सात, नऊ मात्र अरबीतून आले, तिथं फसू नका.) नकाशावर जवळ म्हणजे नात्यातलं असं नसते, हे विदर्भातल्या माणसाले वेगळं सांगाची गरज नाही. धारणी-चिखलदऱ्याकडची कोरकू चारही बाजूनं मराठी-हिंदीनं घेरलेली हाये, पण तिचे नातेवाईक झारखंडात, मुंडारी अन् संथाली.

इथपर्यंत झालं का खरं काम सुरू. मी सांगतो तो उपाय सोपा हाये, एकच वाक्य घ्या अन् ते दोन्ही भाषेत तीनदा फिरवा: बाबा झोपले, पोरगं झोपलं, पोरं झोपली. आपल्या मराठीत तिन्ही वेळा क्रियापद बदललं. स्वाहिलीत होते बाबा अमेलाला, म्तोतो अमेलाला, वातोतो वामेलाला. बाप असो का लेकरू, अमेलाला तेच, पण एकाचे अनेक झाले का नामाचं तोंड बदलते अन् क्रियापदाचंही. जावानीजमध्ये उलटं, बापाक विस सारे, पण पोरगं असलं का विस तुरू, अन् पोरं दहा असली तरी तुरूच. तिथं एक का अनेक याचं क्रियापदाले काही पडलेलं नाही, झोपणारा कोन हाये अन् त्याचा मान किती, एवढंच तिले पाह्यजे. माझ्या मते तुलनेची खरी जागा हीच हाये. भाषा तुमाले काय सांगू देते ते सोडा, काय सांगितल्याशिवाय पुढं जाऊच देत नाही ते पाहा.

आता स्वाहिलीत आणखी खोल जा. आपल्याकडं तीन लिंगं, तिथं नामाचे त्याहून कितीतरी जास्त गट, अन् पुल्लिंग-स्त्रीलिंग तर नाहीच, तो गेला अन् ती गेली एकच. किताबू म्हणजे पुस्तक. एक मोठं पुस्तक पडलं तर किताबू किकुब्वा किमेआंगुका, बरीच पडली तर विताबू विकुब्वा विमेआंगुका. म्हणजे सुरुवातीचा कि गेला अन् वि आला, अन् तो विशेषणापासून क्रियापदापर्यंत सगळ्याइले लागत गेला. गंमत पाहा, शब्द अरबी किताब, पण त्यातला कि हा आपल्याच गटाचा समजून त्याचं अनेकवचन विताबू करून टाकलं. जावानीजनं किताब तसाच ठेवला, धार्मिक ग्रंथासाठी, अन् साध्या पुस्तकाले बुकू. काळही स्वाहिली क्रियापदाच्या पोटातच भरते: निनासोमा वाचतो, निलीसोमा वाचलं, नितासोमा वाचीन, मधलं ना, ली, ता तेवढं पाहाचं. जावानीज क्रियापद काळासाठी हलतच नाही, विस लावलं का झालं, लागी लावलं का चालू, आरप लावलं का होणार.

जावानीजची गाठ वेगळी हाये अन् मले तीच जास्त अवघड वाटते. आपण तू, तुमी, आपण करतो, अन् इकडं तर वाक्याच्या मागं जी लावलं का काम भागते, काय करून रायले जी. तिथं शब्दच बदलून टाकतात. दोस्तासंगं बोलाची भाषा न्गोको, मानाची क्रोमो, अन् मोठ्या माणसाच्या अंगाबद्दल, कामाबद्दल बोलाचे खास शब्द वेगळे, क्रोमो इंगिल. झोपणे ह्याले तुरू, तिलेम, सारे. मरणे ह्याले माती, पजाह, सेदो. आपल्याकडं मेला अन् वारले हा फरक हाये, पण तो मोजक्याच शब्दात, तिथं घर, खाणं, जाणं सगळ्यात. यातला एक नियम वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: इंगिल शब्द स्वतःले कधीच लावाचे नाही. समोर कितीही मोठा माणूस असो, मी झोपतो म्हणताना तिलेम, ते झोपले म्हणताना सारे. स्वाहिलीत मान नाही असं मात्र समजू नका, मोठ्याले शिकामो म्हणाचं अन् त्यानं माराहाबा म्हणाचं, पण तो मान रामरामात संपते, व्याकरणात शिरत नाही.

उच्चारात आपल्याले जावानीज सोपी जाईन, कारण द अन् ड, त अन् ट हा फरक तिच्यात हाये. वदी म्हणजे भ्यालेला, वडी म्हणजे रेती. शेवटचा आ मात्र ओसारखा निघते, म्हणून जावाचा उच्चार जोवो. स्वाहिलीत जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, एवढं पाळलं तर अर्धं काम झालं. लिपी दोघींचीही आता रोमन, आधी दोघी अरबी अक्षरातही लिहिल्या गेल्या, पण जावानीजची स्वतःची जुनी लिपी हाये, ब्राह्मीच्या वंशातली, काना-मात्रा अन् खाली लटकलेली जोडाक्षरं सकट. फक्त तिची बाराखडी क ख ग नाही, ह न च र क अशी चालते.

बोलणारे किती हेही तुलनेत टाकतात, पण नुसता आकडा टाकू नका. स्वाहिली ही टांझानिया-केनियाची सरकारी भाषा, अन् तिच्यात जन्मलेल्यापेक्षा ती नंतर शिकलेले लोक जास्त. जावानीज मातृभाषा असलेले कोट्यवधी, पण देशाची भाषा झाली मलाय भाषेवरून घडवलेली इंडोनेशियन, तिथल्या तरुणाइनं 1928 मध्ये एकीची जी युवा शपथ घेतली तिच्यात तिचंच नाव घेतलं गेलं.

मोबाईलवर करत असाल तर स्वाहिलीसाठी बीबीसी स्वाहिली ऐका, वाचाले दोन्ही भाषेतले विकिपीडिया हायेत. भाषांतराचं अ‍ॅप स्वाहिलीले बऱ्यापैकी चालते, जावानीजले जपून, कारण वाक्य न्गोकोत दिलं का क्रोमोत हे ते सांगत नाही. तिथं झोपण्याचंच वाक्य टाकून पाहा, बापासाठी तुरू आलं तर पुढचं उत्तरही तपासूनच वहीत घ्या.