निसर्गावरची पुस्तके रानात कशी वापरावीत

पक्ष्यांचे किंवा झाडांचे ओळखपुस्तक हौसेने विकत घेतल्यावर पहिल्या महिन्यात ते साधारणपणे दोनच प्रकारे हाताळले जाते. एक तर घरी बसून त्यातली चित्रे चाळली जातात, नाही तर टेकडीवर पोहोचल्याबरोबर ते उघडून समोरच्या पक्ष्याशी जुळणारे चित्र शोधण्याची धडपड सुरू होते. पहिल्या प्रकारात शेकडो चित्रे डोळ्यांखालून जातात आणि एकही लक्षात राहत नाही. दुसऱ्या प्रकारात पान सापडेपर्यंत पक्षी उडून गेलेला असतो. मी बरीच वर्षे पुण्याच्या वेताळ टेकडीवर नवख्या माणसांबरोबर फिरत आले आहे, आणि त्यावरून माझे मत पक्के झाले आहे की असे पुस्तक निघण्यापूर्वी वाचायचे असते आणि परतल्यावर वाचायचे असते. समोर जीव असेल तेवढा वेळ ते पिशवीतच राहू द्यावे आणि हातात वही-पेन्सिल असावी.

पुस्तक घेताना पहिल्यांदा त्याचा प्रदेश पाहावा. संपूर्ण भारतीय उपखंडाच्या फील्ड गाइडमध्ये तेराशेच्या आसपास पक्षी असतात आणि त्यांतले कितीतरी सह्याद्रीत किंवा विदर्भात कधीच दिसणार नसतात. नवशिक्याचा गोंधळ नेमका त्यांच्यामुळे वाढतो. महाराष्ट्रापुरते किंवा पश्चिम घाटापुरते लहान पुस्तक मिळत असेल तर सुरुवात त्याने करावी आणि मोठे पुस्तक घरच्या टेबलावर ठेवावे. दुसरी गोष्ट चित्रांची. छायाचित्रे आकर्षक दिसतात, पण छायाचित्र हे एका पक्ष्याचे, एका क्षणाचे आणि एका उजेडातले असते. चांगला चित्रकार मात्र अनेक पक्षी पाहून त्या जातीच्या खुणा एका चित्रात आणतो, नर, मादी आणि पिल्लू शेजारी-शेजारी दाखवतो आणि सारख्या दिसणाऱ्या जाती एकाच पानावर एकाच पवित्र्यात मांडतो. म्हणून पक्ष्यांसाठी मी नेहमी रंगवलेल्या चित्रांचे पुस्तक सुचवते, तर रानफुलांसाठी पान, खोड, फूल आणि फळ यांची वेगवेगळी छायाचित्रे देणारे पुस्तक चालते. शेवटी सूची उघडून पाहावी. मराठी नावांची सूची नसलेले पुस्तक गावाकडच्या माणसाशी बोलताना फारसे कामाला येत नाही.

पुस्तक घरी आले की लगेच पक्षी शोधायला न निघता तीन-चार संध्याकाळी केवळ त्याची रचना समजून घ्यावी. ही पुस्तके रंगाप्रमाणे किंवा अकारविल्हे क्वचितच लावलेली असतात. ती कुळांप्रमाणे लावलेली असतात. जुन्या पुस्तकांत बहुधा पाणडुबकीपासून प्रारंभ होतो, नव्या पुस्तकांत तित्तिर, लावे आणि बदके आधी येतात. शिकारी पक्षी कोठे आहेत, कोकीळकुळ कोठे आहे, खंड्या आणि सुतारपक्षी कोठे आहेत आणि चिमणीएवढ्या पक्ष्यांची मोठी गर्दी कोणत्या पानापासून सुरू होते, एवढे बोटांना ठाऊक झाले म्हणजे पुढे पान उघडायला वेळ लागत नाही.

त्याच बैठकीत आकाराची मापेही पक्की करावीत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या सलीम अलींच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ या पुस्तकात पक्ष्याचा आकार ओळखीच्या पक्ष्यांशी तुलना करून सांगितला आहे: चिमणीपेक्षा लहान, बुलबुलाएवढा, साळुंकीहून थोडा मोठा, पारव्याएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा. ही पद्धत मला सेंटिमीटरपेक्षा कितीतरी उपयोगाची वाटते, कारण शंभर पावलांवरच्या फांदीवर कोणी फूटपट्टी लावू शकत नाही, पण ‘साळुंकीएवढा’ हे कोणालाही कळते. त्यासाठी आठवडाभर खिडकीतून दिसणारे हे पाच-सहा पक्षी मात्र मन लावून पाहिले पाहिजेत, कारण माप म्हणून वापरायचा पक्षीच नीट पाहिलेला नसेल तर पुढचा सारा अंदाज चुकतो.

आता प्रत्यक्ष पाहण्याविषयी. पक्षी दिसला की जागच्या जागी थांबावे, तो उडून जाईपर्यंत त्याच्यावरून नजर काढू नये, आणि तो गेल्यावर लगेच वहीत लिहावे. तारीख, वेळ आणि ठिकाण यांच्यानंतर आकार, चोच, पाय, शेपटी, डोळ्याभोवतीचा भाग, बसण्याची ढब, उडण्याची तऱ्हा आणि आवाज या क्रमाने लिहावे. रंग सर्वांत शेवटी लिहावा, कारण सकाळच्या तिरप्या उन्हात रंग सर्वांत जास्त फसवतो. वेडेवाकडे का होईना, एक रेखाचित्र काढावे. चित्र काढू लागले की आपण काय पाहिलेच नाही ते चटकन लक्षात येते. पक्ष्याचे नाव मात्र या पानावर लिहू नये. ते घरी पोहोचल्यावर, पुस्तक पाहून आणि वेगळ्या शाईने लिहावे.

हा नियम मी एका चुकीतून शिकले. वैशाखातल्या एका सकाळी टेकडीवरच्या झाडात एक राखाडी, पारव्याएवढा पक्षी येऊन बसला. पोटावर आडव्या रेघा, शेपटीवर रुंद पट्टे, उडताना चार-पाच वेळा पंख मारून मग तरंगत जाणे, आणि त्याला पाहून आजूबाजूच्या लहान पक्ष्यांनी केलेला कालवा, एवढ्यावरून मी तेथेच शिक्रा, म्हणजे एक लहान शिकारी पक्षी, असे लिहून मोकळी झाले आणि घरी येऊन पुस्तकातल्या शिक्र्याच्या चित्राशेजारी तारीखही घातली. दुसऱ्या दिवशी वहीचे पान पुन्हा वाचताना रेखाचित्राखाली माझ्याच अक्षरात लिहिलेले दिसले: ‘चोच सरळ, बारीक. डोळ्याभोवती पिवळे कडे. फांदीवर बसल्यावर शेपटी दोन्ही बाजूंना हलवली.’ शिक्र्याची चोच आखूड आणि आकडीसारखी वाकलेली असते. सरळ चोचीचा, पिवळ्या कड्याचा आणि बसताना शेपटी हलवणारा तो पक्षी पावशा होता, म्हणजे पावसाच्या तोंडावर ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असे ओरडतो म्हणून गावोगाव ठाऊक असलेला कोकीळकुळातला पक्षी. तो सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात अंडी घालतो, आणि शिक्र्यासारखे त्याचे दिसणे व उडणे लहान पक्ष्यांनाही फसवते. नाव आधीच ठरवून टाकल्यामुळे मी स्वतः नोंदवलेल्या तिन्ही खुणांकडे दुर्लक्ष केले होते. शिवाय पुस्तकात शिक्रा शिकारी पक्ष्यांत आणि पावशा कोकिळांत असल्याने दोन्ही चित्रे एका पानावर येत नाहीत. अशा जोड्या आढळल्या की एका पानावर दुसऱ्या पानाचा क्रमांक पेन्सिलीने लिहून ठेवावा. हे काम कोणतेही छापील पुस्तक आपल्यासाठी पुरेसे करत नाही.

मोबाइलवरची अ‍ॅप आता छायाचित्रावरून किंवा आवाजावरून नाव सांगतात, आणि आवाज ओळखायला शिकताना त्यांची मला स्वतःला मदत झाली आहे. तरीही अ‍ॅपने सांगितलेले नाव घेऊन पुस्तकातले ते पान उघडावेच, कारण तेथे त्या पक्ष्याचे शेजारी भेटतात आणि हा तोच का, दुसरा का नाही, हा प्रश्न पडतो.

झाडांचे पुस्तक वापरण्याची रीत थोडी निराळी आहे, कारण झाड उडून जात नाही. येथे घाईचे कारणच नसते. अडचण असते ती ऋतूची. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर ही तिन्ही झाडे लाल-केशरी फुलांनी भरून जातात आणि त्या वेळी तिन्ही बहुतेक निष्पर्ण असतात, तर ओळखपुस्तकातला पहिला प्रश्न बहुधा पानांविषयीचाच असतो: पान साधे की संयुक्त (म्हणजे अनेक पर्णिकांचे, छोट्या पानांचे मिळून बनलेले), समोरासमोर की एकाआड एक? अशा वेळी फूल आणि खोड यांची नोंद करून झाडाची जागा लिहून ठेवावी आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याच झाडाकडे पुन्हा जावे. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण तेथे अर्थासह समजते, कारण ज्यांना आपण तीन पाने म्हणतो त्या एकाच संयुक्त पानाच्या तीन पर्णिका असतात. पांगाऱ्याच्याही पर्णिका तीनच असतात, पण त्याच्या फांद्यांवर काटे असतात आणि पळसाला ते नसतात. काटेसावरीच्या पर्णिका तळहाताच्या बोटांसारख्या एका बिंदूतून फुटतात आणि कोवळ्या खोडावर शंकूसारखे जाड काटे असतात. एकाच झाडाला वर्षातून तीन वेळा भेट दिली तर पुस्तकातल्या त्या पानाचा प्रत्येक शब्द आपल्या ओळखीचा होतो. म्हणून पहिल्या वर्षी शंभर झाडांच्या मागे न लागता घराजवळची दहा झाडे निवडावीत.

फुलण्याचे महिने वाचताना एक काळजी घ्यावी. पुस्तकात दिलेला काळ हा विस्तृत प्रदेशाचा असतो, आपल्या डोंगराचा नसतो. कारवीपुढे पावसाळ्याच्या अखेरचे महिने छापलेले असले तरी ती सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, आणि हे वाक्य नजरेतून सुटले तर माणूस ऐन हंगामात जाऊन नुसती हिरवी झुडपे पाहून परत येतो.

नावांचा गोंधळ सगळ्यांनाच छळतो. भारद्वाजाला कोठे कुंभारकावळा म्हणतात, कोठे कुकुडकोंबा म्हणतात. पुस्तकात एक नाव आणि गावात दुसरे नाव असले म्हणून गावाचे नाव चुकीचे ठरत नाही; ते पुस्तकाच्या सूचीत हाताने लिहून घ्यावे, शेजारी गावाचे नावही लिहावे. तिन्ही नावे एकाच पक्ष्याची आहेत हे ताडून पाहण्यासाठी ‘सेंट्रोपस सायनेन्सिस’ हे शास्त्रीय नाव उपयोगी पडते. शास्त्रीय नावेही बदलतात, हे मात्र जुने पुस्तक वापरणाऱ्याने ध्यानात ठेवावे. आपली बाभूळ जुन्या पुस्तकांत ‘अकेशिया निलोटिका’ आहे आणि नव्या पुस्तकांत ‘वॅचेलिया निलोटिका’, तर खैर ‘सेनेगालिया कॅटेचू’ झाला आहे. पूर्वीची विशाल अकेशिया प्रजाती वनस्पतिशास्त्रज्ञांनी विभागली आणि ‘अकेशिया’ हे नाव प्रामुख्याने ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे ठेवण्याचा निर्णय २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत झाला, त्याचा हा परिणाम आहे. जुने पुस्तक त्यामुळे टाकाऊ होत नाही. नवे नाव समासात लिहिले की काम भागते.

दोन बाबतींत पुस्तकावर विसंबून कृती करू नये, आणि हे मी कळकळीने सांगते. पहिली बाब सापांची. बिनविषारी कवड्या आणि अत्यंत विषारी मण्यार यांचा फरक पुस्तकात स्पष्ट दिलेला असतो: कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक असतात आणि मानेकडे पुसट होतात. पण रात्री बॅटरीच्या उजेडात हलणाऱ्या सापावर हा फरक तपासायला जाणे जिवावर बेतू शकते. साप दुरून पाहावा, मागे सरावे आणि ओळखीचा खटाटोप घरी करावा. दुसरी बाब खाण्याची. चित्राशी जुळते म्हणून रानातली अळंबी किंवा भाजी तोंडात घालू नये. पावसाच्या सुरुवातीला ठाणे-रायगडच्या बाजारांत शेवळे ही रानभाजी विकणाऱ्या बायका त्याबरोबर काकड या झाडाची फळे का देतात, हे चित्रावरून कधीच कळणार नाही. शेवळे घशाला खाजतात आणि ती खाज काकडाच्या आंबटपणाने मारली जाते. हे ज्ञान त्यांच्याकडून, त्यांना वेळ असेल तेव्हा विचारूनच घ्यावे.

ओळखपुस्तकांच्या जोडीने ललित पुस्तकेही वाचावीत, पण तीही वेळ साधून. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ मराठी महिन्यांप्रमाणे लिहिलेले आहे. ते एका बैठकीत संपवण्यापेक्षा चैत्रात चैत्राचा भाग वाचून त्याच आठवड्यात बाहेर पडावे, असे वर्षभर करावे. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ वाचताना त्यांनी काय पाहिले आणि त्यावरून काय ताडले, हे वेगळे काढण्याचा सराव करावा, कारण स्वतःच्या वहीतही हाच भेद पाळायचा असतो. वनखात्यात आयुष्य काढलेल्या मारुती चितमपल्लींच्या लेखनात जंगलातल्या माणसांनी सांगितलेली पाखरांची आणि झाडांची नावे पानोपानी येतात. ती आपल्या सूचीत उतरवून घ्यावीत. त्यांचा ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर या जन्मदिवसांच्या दरम्यान महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळला जातो. तोपर्यंत हिवाळी पाहुणे पाणथळींवर येऊ लागलेले असतात, म्हणून नवे पुस्तक घेऊन सुरुवात करायला हा आठवडा फार सोयीचा आहे.

पुस्तक कोरे ठेवण्याचा मोह सोडावा. ज्या दिवशी एखादी जात खात्रीने ओळखता आली, त्या दिवसाची तारीख आणि जागा तिच्या चित्राशेजारी लिहावी. पेन्सिलच वापरावी, कारण पावसात भिजलेल्या पानावर शाई पसरते आणि चित्रही खराब करते. पुस्तक प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत ठेवावे आणि भिजलेच तर पंख्याखाली पाने उलगडून वाळवावे, उन्हात ठेवू नये. चुकीची नोंद खोडरबराने पुसू नये, तिच्यावर एक रेघ मारून बरोबर पानाचा क्रमांक लिहावा. माझ्या पुस्तकात शिक्र्याशेजारची ती तारीख अजून तशीच आहे, तिच्यावर एक आडवी रेघ आहे आणि पुढे पावशाच्या पानाचा क्रमांक आहे.