सिंक तुंबलंय? आधण ओतू नका

सिंकमध्ये पाणी उभं राहिलं की घरात पहिला सल्ला येतो तो उकळतं पाणी ओतायचा. आमच्या लातुरात तरी याहून वाईट सल्ला नाही. इथं रोज ज्वारीच्या पिठाची परात त्याच सिंकात धुतली जाते. भाकरी थापताना तुटू नये म्हणून आपण पिठात आधणाचं पाणी घालतो ना? तेच पाइपात होतं. खाली बसलेल्या पिठावर कढत पाणी पडलं की त्याची उकड होते, आणि गार झाली की तिथंच चिकटून बसते. वर प्लॅस्टिकचा पाइप मऊ पडून लोंबतो ते वेगळंच.

खायचा सोडा आणि व्हिनेगर फेस बघायला छान. दोघं एकमेकांना मारतात, मागं खारट पाणी उरतं. तुंबलेला पाइप मोकळा करायची कॉस्टिकची पावडर मी घरात आणतच नाही. तुम्ही आधीच ओतली असेल तर आज ट्रॅप, म्हणजे सिंकखालचा पाणी साचून राहणारा बाटलीसारखा भाग, उघडायचं डोक्यातून काढा. ते पाणी हातावर-डोळ्यांत आलं तर भाजतं, आणि त्यावर ॲसिड तर मुळीच ओतू नका.

आधी अडलंय कुठं ते बघा. सिंकखालचा पाइप जमिनीतल्या किंवा भिंतीतल्या भोकातून उपसून बादलीत सोडा, सिंक अर्धं भरा आणि बूच काढा. पाणी धो-धो आलं तर सिंकचा काही दोष नाही. पुढची जाळी, भिंतीतला पाइप नाहीतर बाहेरचं चेंबर तपासा. मोरीतलं पाणीही रेंगाळत असेल तर चेंबरच. बादलीतही करंगळीएवढी धार आली, तर घाण ट्रॅपमध्ये किंवा पाइपात आहे.

वळ्यावळ्यांचा पाइप काढून अंगणात झटका, पाण्यानं धुवा. तार घालू नका, भोक पडतं. लोंबत असेल तर कापून आखूड करा, कारण लोंबलेल्या पोटात पीठ साचतंच. फारच काळा पडला असेल तर नवीन आणा, महाग नसतो.

बॉटल ट्रॅपखाली बादली ठेवा आणि खालची वाटी हातानं फिरवून काढा. आत जे निघेल ते जुन्या ब्रशनं खरवडा. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार असेल तर वाटी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. इथपर्यंत कुणालाही जमतं.

खरी परीक्षा परत बसवताना. पहिल्यांदा मी सगळं चकाचक केलं, पान्यानं आवळून आवळून घट्ट केलं आणि खुशाल झोपले. पहाटे सासूबाईंचा आवाज, ‘अगं, काय करून ठिवलीस?’ कांद्याची टोपली पाण्यात, वाटीला केसासारखी चीर. पाना लावला की प्लॅस्टिक चिरतं, आणि ती चीर कशानंही भरत नाही.

पाणी अडवतो तो वॉशर. नटाचे आटे, म्हणजे पेच, फक्त त्याला दाबून धरतात. म्हणून इथं टेफलॉन टेप गुंडाळून काही होत नाही, आणि एम-सील थापलं तर पुढच्या वेळी ट्रॅप फोडूनच काढावा लागतो. पाइपावर आधी नट चढवा, मग निमुळता वॉशर, आणि त्याची बारीक बाजू ट्रॅपच्या तोंडाकडं. मी उलटा घातला होता. वरून बघितलं तर अगदी नीट बसल्यासारखा दिसतो, म्हणून तर फसायला होतं. वाटीतली चपटी रबरी कडी खाचेत पूर्ण बसली का ते बोट फिरवून बघा, खाली अडकलेला एक भाताचा कणही गळती लावतो. वॉशर कडक झाला असेल तर जुनाच हातात घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा. ३२ आणि ४० मिलिमीटरचे दोन्ही मिळतात, अंदाजानं आणलेला हमखास चुकीचा निघतो.

आता आटे. नट आधी उलटा फिरवा. आटा जागेवर आला की हाताला टक् असा हलका धक्का लागतो. तिथून सुलटा फिरवायचा. जोर लागायला लागला की आटे चुकलेत, काढून पुन्हा सुरुवात. हातानं घट्ट झाल्यावर आणखी पाव फेरा, बस.

खाली कोरडं वर्तमानपत्र अंथरा, सिंक काठोकाठ भरा, एकदम सोडा. प्रत्येक नटावर कोरडं बोट फिरवा. कागद रात्रभर तसाच राहू द्या, सकाळी डाग दिसला तरच पुन्हा हात लावा.

इकडं सिंक तुंबतात त्याला आपली काटकसरही कारण आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हापासून माझा नळ बारीकच असतो. बारीक धारेनं तर्रीचं तेल आणि पीठ वाहून जात नाही, पाइपाला लेप बसतो. म्हणून मी भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवते आणि रात्री भांडी झाली की एकदम ओतते. परातीचं पहिलं पाणी मात्र शेजारच्या गाईच्या घमेल्यात जातं.