दर वीस मिनिटांनी बंद पडणारी बाइक

माझी जुनी कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग म्हणजे कार्ब्युरेटर) बाइक सकाळी पहिल्या किकला सुरू व्हायची आणि १५-२० मिनिटं चालली की आचके देत बंद पडायची. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नव्हतं. इंजिन तापल्यावर बंद पडते, म्हणजे ठिणगीसाठी वीज देणारी इग्निशन कॉइलच गेली, असं मी ठरवूनच टाकलं. ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग बदलला, कॉइल बदलली. फरक शून्य.

मग एकदा बंद पडल्या पडल्या तिथेच प्लग काढला, त्याच्या वायरच्या कॅपमध्ये बसवून इंजिनाच्या धातूला टेकवला आणि किक मारली. ठिणगी निळी, कडक. म्हणजे दोष ठिणगीत नव्हता, पेट्रोल पोचतंय का ते पाहायचं होतं. मग कार्ब्युरेटरच्या तळाचा, पेट्रोल बाहेर काढायचा ड्रेन स्क्रू सैल केला (इंजिन थंड होऊ दिल्यावर, हे महत्त्वाचं), तर जरासं पेट्रोल आलं आणि थांबलं. टाकी तर निम्मी भरलेली! टाकीचं झाकण उघडलं तशी 'फुस्स' करून हवा आत शिरली आणि ड्रेनमधून धार लागली.

झाकणातलं हवेचं बारीक छिद्र धुळीनं बुजलं होतं. या गाडीत पंप नाही, पेट्रोल स्वतःच्या वजनानं खाली येतं. जेवढं खाली जाईल तेवढी हवा वरून आत यायला हवी. नाही आली की टाकीतला दाब घटतो आणि पेट्रोल अडतं. थांबल्यावर हवा हळूहळू झिरपायची, म्हणून गाडी आपोआप 'बरी' व्हायची.

बारीक तारेनं छिद्र मोकळं केलं, फुंकर मारून पाहिली. पाच मिनिटांचं काम. काढलेली चांगली कॉइल अजून खणात पडून आहे.