वहीला विचारून सांगते

लातुरात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. तीन मशीन, मी आणि मदतीला दोघी. पहिली काही वर्षं कुणी "कधी देता?" विचारलं की समोरचीचं तोंड बघून तारीख सांगायचे. घाईतली दिसली की परवा, ओळखीची असली की उद्या. मग एका मे महिन्यात एकाच लग्नाचे अकरा ब्लाउज अंगावर आले आणि हळदीच्या दिवशी मी नवरीच्या मावशीच्या पाठीमागं उभी राहून, ब्लाउज तिच्या अंगावर असतानाच हुक लावत होते. बाहेरून आवाज, "ताई आटपा, पाहुणे येऊलालेत!" तेव्हापासून तोंडी तारीख बंद. आता म्हणते, "वहीला विचारून सांगते."

ही वही, म्हणजे कामाचं वेळापत्रक, कशी भरायची ते सांगते. तुमचं पार्लर असो की वेल्डिंगचं दुकान, हिशोब फार वेगळा नाही.

आधी आठ दिवस वेळापत्रक करूच नका. नुसतं घड्याळ बघून लिहा. मला वाटायचं, अस्तराचा साधा ब्लाउज तासाभरात होतो. लिहून पाहिलं तर कटिंग २० मिनिटं, मशीनवर सव्वा तास, हुक, काजं आणि हातशिलाई २५ मिनिटं. म्हणजे दोन तास. कटोरी किंवा पॅडचा असला तर तीनच्या वर. 'एक तास' हा आकडा कुठून आला होता देव जाणे. बहुतेक लग्नाआधी, लेकरं नसताना, एखाद्या दुपारी कधीतरी झाला असेल.

मग दिवस मोजा. माझं दुकान साडेदहा ते आठ, म्हणजे साडेनऊ तास. त्यातून जेवणाचा पाऊण तास, मापं आणि गप्पा मिळून दोन तास (गप्पा कमी करता येत नाहीत, गिऱ्हाईक त्यानंच टिकतं), लाइट जाणं, सुई मोडणं, चहा असा पाऊण तास. उरले सहा. मी दिवसाला सहा ब्लाउज कबूल करत होते आणि तास होते तीनच ब्लाउजांचे.

आणि ते सहाही भरायचे नाहीत. मी साडेचारच भरते. उरलेला दीड तास दुरुस्तीला. बाही घट्ट झाली, गळा उतरला, कुणाची तरी पोरगी हॉस्टेलवरून आली आणि तिला रात्रीच्या गाडीनं जायचंय. हे रोज येतं. रोज येणाऱ्या गोष्टीला 'अचानक' म्हणण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जास्त फसवतं ते हाताचं काम नव्हे, थांबण्याचं काम. सुती अस्तर भिजवून, आटवून, वाळवूनच कापावं लागतं, नाहीतर पहिल्या धुण्यातच ब्लाउज आखडतो. हात लागतो पाच मिनिटं, वेळ जातो अख्खी रात्र, पावसाळ्यात दोन दिवस. त्यात आमच्याकडं नळ रोज येत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा बादलीभर पाण्यात अस्तर बुडवताना जिवावर यायचं. आता नळाच्या दिवशी सगळी अस्तरं एकदम भिजतात. वहीत त्या दिवशी 'अस्तर' लिहिलेलं असतं आणि कटिंग त्याच्या पुढच्या दिवसापासून. तुमच्या धंद्यातही असं काहीतरी वाळत, सुकत किंवा येण्याची वाट बघत असेल. ते वेगळं लिहा.

वही भरताना मागून पुढं या. लग्न २० तारखेला असेल तर मी १७ लिहिते. घालून बघायला एक दिवस, दुरुस्तीला एक, आणि एक दिवस माझ्या मनाच्या शांतीला. १७ वरून मागं मोजत शिलाई, कटिंग, अस्तर. अस्तराचा दिवस आजच्याही मागं जात असेल तर काम घ्यायचं नाही. पहिल्यांदा 'नाही' म्हणताना माझा आवाज फुटत नव्हता. ती बाई गेली, चार महिन्यांनी परत आली, आणि या खेपेला महिनाभर आधी आली.

मदतनिसांचे तास तुमच्या तासांसारखे धरू नका. माझी एक औशाहून बसनं येते, अकराच्या आत मशीनवर बसत नाही, संध्याकाळी सहाची गाडी सोडत नाही. तिला मी आधी रागवायचे. आता तिला लांब सरळ शिलाया देते आणि हातशिलाई जवळ राहणारीला. ती रात्री टीव्ही बघत घरीच हुक लावते, नगावर पैसे घेते.

खरी परीक्षा ऑक्टोबरात. दिवाळीचे ब्लाउज आणि सोयाबीनची काढणी एकदमच येतात. दोघींच्याही घरी रान आहे. त्या जाणारच, आणि तेव्हा मजुरीही दुकानापेक्षा बरी मिळते. म्हणून महालक्ष्म्या उठल्या की मी जुन्या गिऱ्हाइकांना फोन करते, "दिवाळीचं कापड आत्ताच टाका." काढणीच्या पंधरा दिवसांत वहीत एकटीचेच तास धरते.

नवी वही आणली की आधी पंचांग घेऊन बसते. तुळशीचं लग्न, लग्नाच्या तिथी, जूनमधले शाळेचे गणवेश. येळवसेच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, पानावर आडवी रेघ. त्या दिवशी निम्मं लातूर शेतात असतं, गंजगोलाईच्या बाजारात शुकशुकाट. मागच्या खेपेला एक काकू म्हणाल्या, "सकाळी नऊला येऊन घेऊन जाते की, तुझं काय जातंय?" मी वही फिरवून रेघ दाखवली. त्यांनी चष्मा लावून नीट बघितली. "बरं बाई," म्हणाल्या, "मग भज्जी-आंबील खायला तरी आमच्याच शेतात ये. आणि येताना ब्लाउज आण."