माइनक्राफ्टमध्ये व्हिलेज मोड टाकताय? मग आधी हे बघा

गावं बदलणारा मोड (गेममध्ये भर घालणारी, इतरांनी बनवलेली फाइल) टाकला, गेम चालू झाला, एरर काही नाही, आणि तरी गाव जसंच्या तसं, तीच घरं, तीच शेतं. ही तक्रार मी इतक्यांदा ऐकलीय की सुरुवात इथूनच करतो. बहुतेक वेळा मोडमध्ये चूक काहीच नसते. माइनक्राफ्ट जग तुकड्यातुकड्यांनी बनवतं, एक चंक म्हणजे 16 बाय 16 ब्लॉक, आणि तो एकदा तयार झाला की सेव्ह होतो, मग नंतर कितीही भारी मोड टाका, त्या जागेला तो हात लावत नाही. नवी गावं फक्त जिथे तुम्ही अजून गेलाच नाहीत तिथेच येणार. एवढं डोक्यात ठेवलं तरी निम्मा त्रास वाचतो.

आता पहिली गोष्ट, हे सगळं कॉम्प्युटरवरच्या जावा एडिशनसाठी आहे. मोबाइल किंवा कन्सोलवर जी बेडरॉक एडिशन असते तिच्यात या फाइली चालत नाहीत, तिकडे अ‍ॅड-ऑन नावाचा वेगळा प्रकार आहे.

मग व्हर्जन. एप्रिल 2019 मध्ये 1.14 आलं, व्हिलेज अँड पिलेज अपडेट, आणि गावं पूर्ण बदलली, मैदान, वाळवंट, सव्हाना, तैगा आणि बर्फ अशी पाच प्रकारची झाली आणि घरांचे तुकडे एकमेकांना जोडून गाव उभं करायची पद्धत आली. आजचे बहुतेक मोड याच पद्धतीत आपले तुकडे घालतात, म्हणून 1.12 चा मोड 1.20 मध्ये चालेल अशी आशा ठेवू नका. मोडच्या पानावर जो आकडा आहे तोच घ्या, 1.20.1 म्हणजे 1.20.1, 1.20.4 नाही.

कुठला मोड घ्यायचा? नुसती गावं सुंदर आणि मोठी हवी असतील, जंगलात आणि दलदलीतसुद्धा गाव दिसावं असं वाटत असेल तर सीटीओव्ही (चॉइसथिओरम्स ओव्हरहॉल्ड व्हिलेज) घ्या, माझा सगळ्यात आवडता, कारण प्रत्येक ठिकाणचं गाव त्या जमिनीला शोभेल असं दिसतं. मायनकॉलनीज हा वेगळाच प्रकार आहे, तिथे गाव तुम्ही वसवता, बिल्डरला काम देता, लोक येऊन राहतात, आणि त्याला सोबत स्ट्रक्चराइज वगैरे आणखी मोड लागतात. दोन्ही छान आहेत पण पहिल्यांदाच मोड टाकत असाल तर सीटीओव्हीसारख्यापासून सुरू करा.

मोड लोडर, म्हणजे मोड गेममध्ये चालवणारा प्रोग्राम, हा पुढचा टप्पा. फोर्ज, फॅब्रिक किंवा निओफोर्ज, यातला एकच, आणि मोडची फाइलही त्याचीच. फॅब्रिकची फाइल फोर्जमध्ये टाकली तर ती चालणार नाही. फॅब्रिक घेतलं तर फॅब्रिक एपीआय ही फाइल वेगळी उतरवून मोड्स फोल्डरमध्ये टाकावी लागते, बरेच जण ही विसरतात. फोर्जचा इन्स्टॉलर जार फाइल असते, डबल क्लिक केल्यावर ती झिप उघडल्यासारखी उघडली तर समजा की कॉम्प्युटरवर जावा (गेम आणि जार फाइली ज्यावर चालतात तो प्रोग्राम) नाही किंवा जार फाइल दुसऱ्याच प्रोग्रामला जोडलेली आहे. गेम 1.18 ते 1.20.4 असेल तर जावा 17 लागतं, 1.20.5 पासून 1.21 च्या व्हर्जनपर्यंत जावा 21.

इन्स्टॉलर चालवला की लाँचरमध्ये, म्हणजे जिथून गेम चालू करता तिथे, नवीन प्रोफाइल दिसेल, ते एकदा चालू करून गेम बंद करा. मग विंडोजवर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, पर्सेंट अ‍ॅपडेटा पर्सेंट टाइप करा, डॉट माइनक्राफ्ट फोल्डर उघडा, आत मोड्स नावाचा फोल्डर असेल, नसेल तर बनवा. मोडची जार फाइल तिथे ठेवा, अनझिप करायची नाही. माझा आग्रह आहे की लाँचरच्या इन्स्टॉलेशन्समध्ये जाऊन या प्रोफाइलची गेम डिरेक्टरी वेगळी करा आणि मोड त्या फोल्डरमधल्या मोड्समध्ये ठेवा, म्हणजे दुसऱ्या व्हर्जनचे मोड यात मिसळत नाहीत.

आणि थांबा, वर्ल्ड उघडायच्या आधी सेव्ह्ज फोल्डरमधलं तुमचं वर्ल्ड कॉपी करून दुसरीकडे ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे, प्लीज करा. गेम डिरेक्टरी वेगळी केली असेल तर तीच कॉपी नव्या सेव्ह्जमध्येही टाकावी लागेल, नाहीतर वर्ल्ड यादीत दिसणार नाही.

आता तपासायचं कसं. नवीन क्रिएटिव्ह वर्ल्ड बनवा, चॅट उघडून स्लॅश लोकेट स्ट्रक्चर लिहा, स्पेस द्या आणि टॅब दाबा, यादी येईल (1.19 पासून असं आहे, आधी नुसतं लोकेट होतं). यादीत मोडची नावं दिसली म्हणजे मोड लागला. एक निवडा, एंटर मारा, हिरवे आकडे येतील, त्यावर क्लिक केलं की टेलिपोर्टची कमांड आपोआप भरली जाते.

जुन्या वर्ल्डमध्ये मात्र लांब जावं लागतं, तुम्ही जेवढं फिरलाय त्याच्या पलीकडे. माझ्या एका जुन्या वर्ल्डमध्ये नवं गाव नेमकं जुन्या चंकच्या कडेवर आलं आणि एक घर सरळ रेषेत कापलं गेलं, इकडे पलंग आणि अर्धं छप्पर, आणि पुढच्या ब्लॉकपासून नुसतं गवत. मोड बिघडलेला नव्हता, घराचा उरलेला भाग आधीच बनलेल्या जमिनीवर पडत होता, इतकंच.

जवळचंच गाव बदलायचं असेल तर एमसीए सिलेक्टर नावाचं टूल आहे, त्यात नकाशावर चंक निवडून डिलीट करता येतात आणि परत तिथे गेलात की ते मोडसकट नव्याने बनतात. पण तिथे बांधलेलं सगळं जातं, पेट्यांसकट. टूल न वापरता हाताने करायचं तर एक रीजन फाइल म्हणजे 512 बाय 512 ब्लॉक, आणि 1.17 पासून रीजन, एंटिटीज आणि पीओआय या तिन्ही फोल्डरमधली त्याच नावाची फाइल काढा, नाहीतर जमीन नवी येते पण जुने गावकरी तिथेच उभे राहतात.

गेम क्रॅश झाला तर लॉग्जमधली लेटेस्ट डॉट लॉग उघडा, शेवटाकडे रिक्वायर्स असा शब्द शोधा, बहुतेकदा एखादी सोबतची फाइल राहिलेली असते किंवा एकाच मोडच्या दोन आवृत्त्या पडलेल्या असतात. गेम अडखळत असेल तर मेमरी बघा, लाँचर बऱ्याच व्हर्जनना साधारण 2 जीबी देतो, मोठ्या गावात गावकरी खूप असतात, प्रोफाइलच्या सेटिंगमधल्या जेव्हीएम आर्ग्युमेंट्स या ओळीत Xmx2G असेल तर 2 चा 4 करा.

मोड काढायचा असेल तर, साध्या ब्लॉकमधून बांधलेली गावं तशीच राहतात, पण मोडने स्वतःचे ब्लॉक आणले असतील तर ते जागच्या जागी गायब होतात आणि भिंतींना भोकं पडतात, म्हणून काढण्याआधी वर्ल्डच्या कॉपीवर एकदा करून बघा.