ऑनलाइन धंदा: आवडीचा करायचा की पटकन पैसा देणारा, कसं ठरवायचं

"सध्या कोणत्या ऑनलाइन धंद्यात पैसा आहे?" हा प्रश्न रोज कुणीतरी विचारतं आणि उत्तरंही ठरलेलीच येतात, एक गट म्हणतो आवडेल ते कर पैसा मागून येईल, दुसरा म्हणतो आवडबिवड सोड, जे खपतंय ते विक. मला दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात, आणि अशा अर्धवट सल्ल्यावर लोक साठवलेले पैसे, कधी कधी बायकोचे दागिने पण लावून बसतात म्हणून जरा सविस्तर लिहितेय. उदाहरण घरगुती मसाल्याचं घेते, कारण आमच्याकडे आत्या आणि वहिनी मिळून गोडा मसाला आणि कांदा लसूण मसाला ऑनलाइन विकतात, त्यामुळे मिरची निवडण्यापासून हिशेबापर्यंत सगळं रोज डोळ्यासमोर असतं. तुमचं क्रोशाचं असेल, केकचं असेल, ऑनलाइन क्लासचं असेल, तरी विचार करायची पद्धत हीच.

आधी आवड तपासा, नीट

बहुतेक जण आवड म्हणतात तेव्हा त्या कामाचा सगळ्यात छान तुकडा डोळ्यासमोर असतो. मसाल्याचा धंदा म्हटलं की भाजलेल्या खोबऱ्याचा वास, सुंदर पाकीट, "अगदी आईच्या हातची चव आली" असा मेसेज. पण खरं काम कुठे असतं? फेब्रुवारी मार्चमध्ये मिरची घ्यायची, रंगासाठी ब्याडगी, तिखटासाठी लवंगी, मधल्या चवीला संकेश्वरी, मग ती उन्हात कडक वाळवायची, बसून किलोच्या किलो देठं खुडायची (रात्री हातांची आग होते ती वेगळीच), कांदा चिरून वाळवायचा, दगडफूल आणि नागकेशर निवडायचं कारण त्यात कचरा फार असतो, सगळं वेगवेगळं भाजायचं, घरभर ठसका, आणि मग डंकावर, म्हणजे मसाला कुटून देणाऱ्या गिरणीवर, नंबर लावून बसायचं कारण एप्रिल मे मध्ये अख्ख्या गावाला तेव्हाच मसाला करायचा असतो. हे सगळं झाल्यावर मग तुमचा तो "ऑनलाइन" धंदा सुरू होतो! म्हणजे वजन, सील, लेबल, पत्ते, आणि "ताई पार्सल कुठवर आलं" ला दिवसातून दहा वेळा न चिडता उत्तर.

म्हणून एक कागद घ्या आणि तुमच्या डोक्यात जो धंदा आहे त्यातली सगळी कामं एकाखाली एक लिहून काढा, बारीकसारीक पण. मग प्रत्येकापुढे लिहा, हे मी दोन वर्षं करेन का. छान वाटणाऱ्या कामापुढे हो येणारच, त्याला काही किंमत नाही, कंटाळवाण्या कामापुढे काय येतं ते बघा. ज्याला खायला आवडतं त्याला मसाला विकायला आवडेलच असं नाही, फोटो काढायला आवडणाऱ्याला लग्नाच्या दोन हजार फोटोंचं एडिटिंग झेपेलच असं नाही. माझ्या वहिनीला खरं तर स्वयंपाकाची फार हौस नाही, पण पॅकिंग आणि हिशेब ती तासन्‌तास करते आणि वर म्हणते मला यात शांत वाटतं. माझ्या मते धंद्याला पुरणारी आवड ती ही.

मग बघा कुणी पैसे देतंय का

नातेवाईक वा वा करतात, त्यावर जाऊ नका, ते प्रेमाने म्हणतात. ओळख नसलेल्या माणसाने पूर्ण किंमत देऊन घेतलं आणि महिन्या दोन महिन्यांनी स्वतःहून परत मागितलं, हाच पुरावा धरा. त्यासाठी वेबसाइट लागत नाही, लोगो लागत नाही, इंस्टाग्रामच्या जाहिराती तर अजिबात नाही. तीन चार किलोचा एकच घाणा करा, शंभर शंभर ग्रॅमची पाकिटं, सोसायटीच्या ग्रुपवर टाका, ऑफिसमध्ये न्या, गावातल्या बचत गटांच्या प्रदर्शनात अर्धं टेबल मिळालं तर घ्या. फुकट सॅम्पल फार वाटू नका, फुकटचं सगळ्यांनाच आवडतं. आणि जे परत मागत नाहीत त्यांना सरळ विचारा की काय कमी पडलं, तिखट जास्त झालं का, किंमत जड वाटली का, की घरी आधीचाच मसाला पडून आहे. हे शेवटचं उत्तर आलं तर तुमचं पाकीट मोठं होतं एवढाच अर्थ, चव वाईट होती असा नाही.

किंमत ठरवताना स्वतःची मजुरी धरा, कृपा करून धरा. समजा २५० ग्रॅमच्या पाकिटाला साहित्य आणि दळण १३०, पाकीट लेबल १५, कुरियर ६०, ऑनलाइन पेमेंटचे ६ आणि तुमची मजुरी २५, झाले २३६. तुम्ही ३०० ला विकलं तर ६४ उरले. बायका काय करतात, मजुरी शून्य धरून २२० ला विकतात आणि ऑर्डर वाढल्या की दमून बंद करतात. आवडीचे धंदे बंद पडायचं मोठं कारण मला तरी हेच दिसतं, आवड होती म्हणून स्वतःच्या वेळेचे पैसेच लावले नाहीत.

आता पटकन पैशाचा हिशेब

ड्रॉपशिपिंगबद्दल सांगते कारण व्हिडिओ बघून सगळ्यात जास्त पोरं त्यातच उतरतात. माल दुसऱ्याचा, आपण फक्त जाहिरात करायची, ऑर्डर आली की तो पाठवणार, मधला फरक आपला. ऐकायला सोपं आहे आणि बेकायदेशीर पण नाही, पण कागदावर मांडून बघा. समजा २०० ची वस्तू ५९९ ला लावली, एक ऑर्डर मिळवायला जाहिरातीचे १८० गेले, पाठवणावळ ७०. वाटतं १४९ सुटले. पण आपल्याकडे अजून भरपूर लोक कॅश ऑन डिलिव्हरी घेतात आणि दारात पार्सल आलं की नको म्हणतात, धंद्यातले लोक त्याला आरटीओ म्हणतात, म्हणजे पार्सल परत मूळ जागी. समजा शंभरातले तीस परत आले. तर पैसे आले ७० जणांचे, ४१,९३०. त्यातून माल १४,००० चा, जाहिरात मात्र शंभरच्या शंभरांची, १८,०००, जातानाचं भाडं ७,०००, तीस पार्सल परत यायचे प्रत्येकी ६० धरले तर १,८००. खर्च ४०,८००. हातात ११३० रुपये, शंभर ऑर्डर सांभाळून! आणि यात जीएसटी अजून धरलाच नाही, परत आलेल्यात फुटलेला माल धरलेला नाही. व्हिडिओत स्क्रीनशॉट दाखवतात तो ४१,९३० चा असतो.

याचा अर्थ ड्रॉपशिपिंग कुणालाच जमत नाही असं नाही, ज्याला जाहिरात चालवणं आणि आकडेमोड मनापासून आवडते तो यात टिकतो. म्हणजे तिथेपण परत तेच, कंटाळवाणा भाग कुणाला झेपतो. पण मुख्य फरक मला हा वाटतो की त्या ७० गिऱ्हाईकांपैकी तुमच्याकडे परत कुणी येत नाही, पुढच्या महिन्यात परत १८,००० ची जाहिरात. मसाल्याचं गिऱ्हाईक मसाला संपला की स्वतः मेसेज करतं, त्याची जाहिरात एकदाच.

दुसरं म्हणजे लाटेवर उभं राहिलेलं काम एका दिवसात जातं. २९ जून २०२० ला टिकटॉकसकट ५९ अ‍ॅपवर बंदी आली, ज्यांचं सगळं तिथेच होतं त्यांना फॉलोअर सोबत नेता आले नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर कायद्याने बंदी आली, त्यांची जाहिरात पण बंद, मग क्रिकेटच्या पैसे लावायच्या खेळात कोणते खेळाडू निवडायचे ती "आजची टीम" सांगणारी जी चॅनेलं होती त्यांची कमाई तिथेच थांबली. परदेशी फराळ पाठवणाऱ्यांना पण फटका बसला, अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला ड्युटी लागत नव्हती ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून गेली, ते पण दिवाळीच्या तोंडावर. म्हणजे आवडीचा धंदा असला तरी धक्का बसतोच. पण ज्यांच्याकडे गिऱ्हाइकांचे नंबर, काय घेतलं, कधी घेतलं याची साधी वही होती त्यांना निदान पुणे मुंबई नागपूरकडे वळता आलं. म्हणून पहिल्या दिवसापासून ही वही ठेवा, एक्सेलमध्ये ठेवा नाहीतर कागदावर, पण इंस्टाग्रामच्या भरवशावर ठेवू नका.

पण मला पैसे आत्ताच हवेत

हे म्हणणारी माणसं खोटी नसतात. हप्ते असतात, आजारपण असतं, नोकरी गेलेली असते. अशा वेळी कुणी "पॅशन फॉलो कर" म्हटलं की मला राग येतो, कारण आवडीच्या धंद्याला रुळायला वर्ष तरी जातं आणि तोपर्यंत घर चालायला हवं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते फसवणारे लोक आपल्याआधी ओळखून असतात. तेव्हा तातडीचा पैसा हवा असेल तर तो धंद्यातून काढायला जाऊ नका, येत असलेलं काम विका. मराठी टायपिंग, सबटायटल, दुकानदारांच्या मालाचे फोटो काढून कॅटलॉग बनवणं, कुणाचा जीएसटीचा हिशेब, शाळेच्या मुलांचे ऑनलाइन गणिताचे तास. यात भांडवल लागत नाही आणि पैसे काम झालं की मिळतात. घर त्यावर चालवा आणि मसाल्याला, क्रोशाला, जे काय असेल त्याला घरखर्चाच्या ओझ्याखाली घालू नका, त्याचं खातं वेगळं ठेवा, अगदी बँकेत वेगळं.

आणि जिथे काम करायच्या आधी तुम्हीच पैसे भरायचे असतात तिथून निघून या. टेलिग्रामवर रिव्ह्यूचे टास्क देतात, पहिल्या दिवशी दीडशे दोनशे खरोखर खात्यात टाकतात, मग "प्रीमियम टास्क" साठी पाच हजार भरा, मग ते सोडवायला वीस हजार. माणसं जोडा आणि त्यांनी भरलेल्यातून कमिशन घ्या ही साखळी तर २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग नियमांत सरळ बंद आहे, नाव कितीही इंग्रजी असू दे. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम मधेच अडकवता यायची शक्यता जास्त.

कागदपत्रं, थोडक्यात

खाण्याची वस्तू विकायची तर एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) नोंदणी लागतेच, घरून विकलं तरी. १४ आकडी नंबर येतो तो पाकिटावर छापायचा, सोबत वजन, एमआरपी, केव्हा बनवलं, नाव पत्ता, तक्रारीचा नंबर. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंद, सरकारी साइटवर पूर्ण फुकट आहे, कुणी हजार दोन हजार मागितले तर देऊ नका. जीएसटीत लोक फार गोंधळतात. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात फक्त माल विकत असाल तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून अ‍ॅमेझॉन, मीशोसारख्या ठिकाणी राज्यातच विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला पूर्ण नोंदणीऐवजी एनरोलमेंट नंबरवर काम भागवता येतं. पण मसाल्याचं पार्सल बेंगळुरूला पाठवायचं म्हटलं की जीएसटी नोंदणी हवी, उलाढाल कितीही छोटी असो. आमच्याकडे म्हणूनच सुरुवातीला फक्त राज्यातल्या ऑर्डर घेतल्या. एकदा सीएला विचारून घ्या, तुमच्या मालाप्रमाणे बारीक फरक असतात.

नोकरी कधी सोडायची

हे सगळ्यात शेवटी विचारायचं असतं पण लोक सगळ्यात आधी विचारतात. माझं मत असं की निदान एक पूर्ण वर्ष जाऊ द्या, कारण मसाला काय फराळ काय राख्या काय, प्रत्येक धंद्याला एक भरती आणि एक सुका काळ असतो, दिवाळीच्या ऑर्डर बघून राजीनामा दिला की जानेवारी फार लांब वाटतो. वर्षभरातला सगळ्यात वाईट महिना काढा, त्या महिन्यात तुमची मजुरी धरून जे सुटलं त्यात घराचा हप्ता, किराणा, फी बसते का बघा. बसत असेल आणि त्या महिन्यातल्या निम्म्या तरी ऑर्डर जुन्या गिऱ्हाइकांच्या असतील तर सोडायचा विचार करा. नसेल बसत तर नोकरी ठेवा, शनिवार रविवार पॅकिंग करा, आणि पुढच्या मिरचीच्या हंगामात दोन किलो जास्त घ्या.